कुत्रीला ऑफिसात न्यायची परवानगी: जून ते जानेवारी

नवीन वर्ष लागल्यापासून ओळखीच्या बऱ्याच जणांनी एकच मागणी केली, "तू कंपनीला दिलास तो अर्ज पाठव ना." पाठवला. पण अर्ज हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग होता, जेमतेम दीड पान. बाकी जे घडलं ते फॉरवर्ड करता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतेय. आमचं ऑफिस बाणेरला, भाड्याच्या इमारतीत, दोन मजले, सव्वाशेच्या आसपास माणसं. कुत्रीचं नाव बुंदी. देशी, साडेतीन वर्षांची, रंगाने तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला.

जून २०२५ मध्ये मेल आली की १ जुलैपासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात यायचं. तोवर दोन दिवस जावं लागायचं आणि त्या दोन दिवशी आई आमच्याकडे येऊन बसायची. नेमकं त्याच सुमारास बहिणीचं बाळंतपण आलं आणि आई नाशिकला गेली. घराजवळच्या डॉग डेकेअरचा दर दिवसाला ७०० रुपये, म्हणजे महिन्याचे पंधरा हजारांच्या वर; ने-आण करणारी गाडी हवी तर त्याचे वेगळे. एकटी ठेवून बघितली. खालच्या मजल्यावरच्या आजींनी दुसऱ्याच आठवड्यात जिन्यात गाठलं. "दुपारी रडते गं ती. मला त्रास नाही, पण ऐकवत नाही." पुणेरी तक्रार याहून सौम्य असू शकत नाही, आणि याहून टोचणारीही.

तेव्हा ठरवलं, ऑफिसात विचारून तर बघू. नाही म्हणाले तर डेकेअर आहेच.

पहिलं काम म्हणून एम्प्लॉयी हँडबुक उघडलं. त्यात ड्रोन आणू नये असं आहे, इलेक्ट्रिक शेगडी आणू नये असं आहे, प्राण्यांबद्दल अवाक्षर नाही. एच.आर. मॅडम म्हणाल्या, "पॉलिसीत नाही म्हणजे चालतं असं नाही, आणि चालत नाही असंही नाही. ॲडमिनला विचार." ॲडमिन म्हणाले इमारत आपली नाही, बिल्डिंग मॅनेजमेंटला विचारा. बिल्डिंग मॅनेजमेंटच्या केबिनमधल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "आम्ही टेनंटशी बोलतो, स्टाफशी नाही. कंपनीच्या लेटरहेडवर आणा." लेटरहेडसाठी पुन्हा एच.आर., आणि त्यांचं म्हणणं असं की इमारत हो म्हणाली तरच आम्ही लेटर काढू. आधी तू की आधी मी, असा जूनचा उरलेला महिना गेला.

यातून सुटका झाली ती भाडेकराराच्या जोडपत्रामुळे. ॲडमिनमधल्या एका भल्या माणसाने इमारतीच्या नियमांचं ते पान काढून दाखवलं. "कोणताही प्राणी वा पक्षी लेखी पूर्वपरवानगीशिवाय आवारात आणता येणार नाही." लेखी पूर्वपरवानगीशिवाय! म्हणजे सरसकट बंदी नाही, दार किलकिलं आहे. तुम्हीही आधी हे पान मिळवा. सरसकट बंदी असेल तर पुढची सगळी यातायात वाचेल. मग मी दोन्हीकडून 'जर-तर'ची पत्रं मागितली. कंपनीने लिहायचं की इमारतीने परवानगी दिल्यास आम्ही विचार करू, इमारतीने लिहायचं की कंपनीने विमा आणि जबाबदारी घेतल्यास आम्ही विचार करू. कुणालाही 'हो' म्हणायचं नव्हतं, त्यामुळे दोन्ही पत्रं आठवड्याभरात हातात पडली.

इथे एक गैरसमज काढून टाकते, कारण तो मला निदान डझनभर लोकांनी उत्साहाने सांगितला. "अगं, लिफ्ट नाकारताच येत नाही, कायदा आहे." भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत खऱ्या. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरू नका म्हणता येत नाही, असं त्यात आहे. पण त्या राहत्या सोसायट्यांसाठी आहेत. ऑफिसची इमारत ही कुणाच्या तरी मालकीची खासगी जागा, तिथे आपण हक्क सांगायला गेलो की फाइल बंद. दुसरं उदाहरण हमखास निघायचं ते बॉम्बे हाउसचं. फोर्टमधल्या टाटांच्या मुख्यालयात रस्त्यावरच्या कुत्र्यांना वर्षानुवर्षं मुक्त प्रवेश आहे, आणि २०१८ मध्ये इमारतीचं नूतनीकरण झालं तेव्हा त्यांच्यासाठी खास खोलीही झाली. मलाही त्याचं कौतुकच आहे. पण ती इमारत त्यांची स्वतःची आणि कुत्र्यांच्या पाठीशी खुद्द रतन टाटा होते. आमच्या पाठीशी ॲडमिनमधला एक भला माणूस.

जुलैमध्ये कागद जमवले. महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना लागतो, हे आमच्या ऑफिसातल्या निम्म्या कुत्रेवाल्यांना ठाऊकच नव्हतं. अर्ज पुणे महापालिकेच्या वेबसाइटवरून होतो. लसीकरणाची नोंद, पत्त्याचा पुरावा, कुत्र्याचा फोटो लागतो आणि फी इतकी किरकोळ की रिक्षाला त्याहून जास्त जातात. फोटोच्या फाइलचा आकार मात्र वेबसाइटला पसंत पडेपर्यंत माझी एक संध्याकाळ गेली. फोटो आधीच लहान करून ठेवा.

मग डॉक्टर. रेबीजची लस दरवर्षी, नऊ रोगांवरची एकत्रित लस दरवर्षी (लेप्टो, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, त्यातच येतो, पुण्याच्या पावसाळ्यात तो महत्त्वाचा), जंताचं औषध दर तीन महिन्यांनी, गोचिडांची गोळी, नसबंदीचा दाखला. या सगळ्यावर तारखा, शिक्के आणि लसीच्या बाटलीवरचं ते इवलंसं स्टिकर हवं. वहीत स्टिकर नसेल तर डॉक्टरांकडून चिकटवून घ्या, आमच्या ॲडमिनने नेमकं तेच बघितलं. तपासणी आणि फिटनेस सर्टिफिकेटचे मिळून ८०० रुपये झाले. "हिचा स्वभाव शांत आहे असं लिहून द्याल का?" असं विचारल्यावर डॉक्टर हसले. "आज माझ्या टेबलावर चावली नाही, एवढंच लिहू शकतो."

स्वभावाच्या दाखल्यासाठी ट्रेनर गाठावा लागला. दोन तासांचे २,००० रुपये घेतले, पण माझ्या मते सगळ्या खर्चात सत्कारणी लागलेले पैसे तेच. त्याने बुंदीच्या मागे स्टीलचं ताट पाडलं, अंगावर येत एकदम छत्री उघडली, तिच्या वाटीत हात घातला, अनोळखी माणसाला हेल्मेट घालून आत आणलं. बाईसाहेब सगळ्यातून पास. मग त्याने माझी कामाची, चाकं असलेली खुर्ची सहज पायाने ढकलली आणि बुंदी अशी भुंकायला लागली की थांबेचना. माणसाची भीती नाही, छत्रीची नाही, घरंगळणाऱ्या चाकांची! आणि ऑफिसात दुसरं असतं काय? पुढचे कित्येक आठवडे आमच्या हॉलमध्ये संध्याकाळी खुर्ची सरकवणे आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा देणे असा कार्यक्रम चालला. शेवटी खुर्ची हलली की ती चाकांकडे न बघता माझ्या हाताकडे बघायला लागली. दाखला मिळाला तो त्यानंतर.

एकीकडे एच.आर.ने सर्वेक्षण काढायचं ठरवलं. त्यांच्या मसुद्यातला पहिला प्रश्न होता, "तुम्हाला कुत्रे आवडतात का?" याला काय उत्तर येणार! ऑफिसात 'मला कुत्रे आवडत नाहीत' असं लिहिणारा माणूस एकदम खलनायक ठरतो. मी विनंती करून प्रश्न बदलून घेतला: आठवड्यातून एक दिवस, ठरलेल्या एका जागी कुत्रा असेल तर तुमच्या कामात काय फरक पडेल? आणि उत्तरांमध्ये एक पर्याय घालायला लावला, "मला नको, कारण सांगायचं नाही." नावं गुप्त. माझ्या टीममधला एक जण म्हणाला, तू स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतेयस. असेलही. पण जो माणूस कागदावर नाही म्हणू शकत नाही तो नंतर कॉरिडॉरमध्ये म्हणतो, आणि तोपर्यंत कुत्री आत आलेली असते.

बहुतेकांनी "काही फरक पडणार नाही" किंवा "आवडेल" लिहिलं. थोड्यांनी 'कारण सांगायचं नाही'वर खूण केली. एकीने दमा असल्याचं लिहिलं. एकाने लिहिलं, "आधी वॉशरूममधली गळती बघा." हे उत्तर मला आजही सर्वांत रास्त वाटतं.

सर्वेक्षण कंपनीच्या ईमेलवर गेलं होतं. हाउसकीपिंगच्या मावशी, गार्ड, पँट्रीतला मुलगा हे सगळे कंत्राटदाराचे. त्यांना कंपनीचा ईमेलच नाही. कुत्र्याचे केस ज्यांनी झाडायचे त्यांनाच कुणी विचारलेलं नव्हतं. हे एच.आर. मॅडमच्याच लक्षात आलं, श्रेय त्यांचं. आम्ही दोघी मावशींकडे गेलो. त्या फरशी पुसायचं थांबवून, मॉपच्या दांड्यावर हनुवटी टेकवून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुत्र्याचं काय नाय ताई, आमच्या वस्तीत दहा हायेत. पण केस झाडूला येत नाहीत, ओल्या फडक्याला चिकटतात, मशीन लागतं. आणि हागलं-मुतलं तर मी नाही काढणार, आत्ताच सांगते." दोन वाक्यांत दोन अटी. नंतर तीन-चार मीटिंगांत मिळून जे ठरलं ते याहून वेगळं नव्हतं. मशीन म्हणजे हातात धरायचा व्हॅक्यूम, मी ३,२०० रुपयांचा घेतला. तो ऑफिसातच असतो आणि बुधवारी, म्हणजे बुंदीच्या ठरलेल्या दिवशी, संध्याकाळी माझ्या जागेभोवती मीच फिरवते. गार्डांपैकी एकाने सांगितलं की रात्रपाळीला येताना त्याला एकदा कुत्रं चावलंय, पट्टा आखूड असेल तर हरकत नाही. आखूड म्हणजे किती? त्याने हाताने दाखवलं, ते आम्ही मोजून चार फूट लिहिलं.

इतकं होईपर्यंत ऑगस्ट उजाडला. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाचा दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवारागृहात ठेवायचा आदेश आला आणि टीव्हीवर दुसरा विषय उरला नाही. माझा अर्ज पाळीव कुत्रीचा, आदेश भटक्यांचा, शहर दुसरंच. तरीही फाइल जागच्या जागी थिजली. "वातावरण बरोबर नाही, जरा थांबू," असं उत्तर आलं. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने आदेश बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडायची, रेबीज झालेली किंवा आक्रमक असलेली वगळून. मला वाटलं आता हलेल. पण २७ ला गणपती होते. गणपतीत पुण्यात कुठली फाइल हलते? ६ सप्टेंबरच्या अनंत चतुर्दशीपर्यंत मी तोंडातून शब्द काढला नाही. तुम्हालाही हाच सल्ला. मागे लागायचं असतं, पण कॅलेंडर बघून.

खरी मीटिंग सप्टेंबरच्या मध्यात झाली. एच.आर., ॲडमिन, आमचे डिलिव्हरी हेड, दम्याचा त्रास असलेली सहकारी (ती स्वतःहून पुढे आली) आणि अकाउंट्समधले काका. काकांना कुणी बोलावलं होतं मला माहीत नव्हतं.

मी प्रस्तावात एका अभ्यासाचा दाखला दिला होता. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाच्या लोकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला. काचेची आणि चिनी मातीची भांडी विकणाऱ्या एका कंपनीत (हो, भांड्यांच्या कंपनीत रोज वीस-तीस कुत्री) त्यांनी पाहिलं की ज्यांचा कुत्रा सोबत होता त्यांना दिवस पुढे सरकताना ताण कमी वाटला आणि इतरांना वाढलेला. डिलिव्हरी हेडनी तो अभ्यास खरोखर वाचला होता. "लाळेतल्या कॉर्टिसॉलमध्ये फरक नाही दिसला ना पण?" (कॉर्टिसॉल म्हणजे ताणात शरीरात वाढणारं संप्रेरक.) नाही दिसला. "आणि तिथे कुत्री बरीच वर्षं येतात. ज्यांना सहन होत नसेल ते आधीच नोकरी सोडून गेले असतील." मी म्हटलं, बरोबर आहे. त्यानंतर प्रस्तावातून तो परिच्छेदच काढून टाकला. कुत्र्यामुळे सगळ्यांचं भलं होईल असं सिद्ध करायची मला गरज नव्हती. माझी अडचण आहे, आठवड्यातून एक दिवस ती इथे सुटू शकते, दुसऱ्याला त्रास होणार असेल तर कसा टाळायचा ते बोलू. मागणी इतकीच ठेवली. तसं केल्यावर खोलीतला सूर बदलला.

दम्यावर बराच वेळ बोललो. त्या सहकारीने स्वतःच समजावून सांगितलं की त्रास केसांचा नसतो, कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांचा असतो, त्यामुळे कमी केस गळणारा कुत्रा आणला म्हणून भागत नाही. कोंडा कपड्यांवर बसून सगळीकडे फिरतो. म्हणजे मी वेगळ्या खोलीत बसले तरी माझा कुर्ता तिच्या टेबलापर्यंत जाणार. ठरलं असं: बुंदी खालच्या मजल्यावरच्या एका खोलीत, सहकारीचं काम वरच्या मजल्यावर, दोन्ही मजल्यांचे एसी वेगळे आहेत हे ॲडमिनने तपासून लेखी दिलं, बुधवारी मी वर जायचं नाही, तिच्यासोबतची मीटिंग असेल तर ऑनलाइन. आणि तिला त्रास झाला तर तिने फक्त एच.आर.ला मेसेज करायचा, मला सांगायची गरज नाही. तो मेसेज आला की पुढच्या बुधवारपासून बंद. चौकशी नाही, पुरावा नाही.

काका शेवटपर्यंत गप्प होते. निघता निघता म्हणाले, "मी पण बोलू का?" ते मूळचे संगमनेरकडचे. लहानपणी पिसाळलेलं कुत्रं चावलं आणि पोटात चौदा इंजेक्शनं घेतली. तरुण मंडळींना हे दंतकथेसारखं वाटतं, पण मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस आपल्याकडे २००४ च्या अखेरपर्यंत वापरात होती. "रोज सकाळी वडील सायकलवर दवाखान्यात न्यायचे. नळावर कुत्रं दिसलं तरी मी सायकलवरच रडायला लागायचो. आता छप्पन वर्षांचा आहे, कळतं सगळं. पण पायाला नाही ना कळत, ते आपोआप मागे येतात." मग माझ्याकडे बघून, "तू आण गं तिला. मला फक्त ती केव्हा येणार, कुठल्या दाराने येणार आणि केव्हा जाणार हे आदल्या दिवशी कळू दे. अचानक नको."

पॉलिसीतलं दुसरं कलम त्यातून आलं: मंगळवारी दुपारी चारपर्यंत सगळ्यांना मेल, त्यात यायची-जायची वेळ आणि दार. मेल गेली नाही तर कुत्री येणार नाही. पहिलं कलम 'बंद कसं करायचं' हे. बाकी सगळं त्याच्या खाली. हा क्रम मुद्दाम ठेवला, आणि कुणी मसुदा मागितला तर मी आधी हाच क्रम दाखवते. सुरू कसं करायचं हे आधी लिहिलं की वाचणारा अडून बसतो.

ऑक्टोबर कायदा आणि विम्यात गेला. वकिलांनी मार्च २०२४ मधलं केंद्राचं पत्र काढलं, तेवीस 'आक्रमक' जातींवर बंदी घालायला सांगणारं. ते पत्र कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याच एप्रिलमध्ये रद्द केलं होतं, आणि बुंदीला मुळात जातच नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ मात्र त्यांनी बरोबर बोट ठेवून दाखवलं. प्राण्याच्या बाबतीत निष्काळजीपणा करून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजेचा धोका राहू दिला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि ते कंपनीला नाही, ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याला, म्हणजे मला. मी सही केली, पण त्या रात्री नवऱ्याला दोनदा विचारलं, आपण हे नक्की करतोय ना. कुत्र्याचा विमा मिळतो. घेताना त्यात तिसऱ्या व्यक्तीला इजा झाल्यास भरपाईचं कलम आहे का तेवढं बघा, नुसता दवाखान्याचा खर्च देणारा विमा इथे कामाचा नाही. मला वर्षाचे २,६०० रुपये पडले. एजंटने आधी विचारलं, "ब्रीड कोणती?" देशी म्हटल्यावर तो थोडा हिरमुसला, पण फॉर्ममध्ये तो रकाना निघाला.

प्रत्यक्ष चाचणी दिवाळीचे फटाके पूर्ण विझल्यावर, नोव्हेंबरच्या पहिल्या बुधवारी. सकाळी साडेनऊला मागच्या दाराने, सामानाच्या लिफ्टजवळ. गार्डने नियमाप्रमाणे रजिस्टर पुढे केलं आणि स्वतःच भरायला घेतलं. नाव: बुंदी. कोठून: घरून. कोणास भेटायचे: इथे तो अडला. थोडा विचार करून त्याने लिहिलं, "सर्वांस." सहीच्या रकान्यात माझी सही. व्हिजिटर पास तिच्या पट्ट्याला क्लिपने लावला, तो तिने लिफ्टमध्येच चावायला घेतला.

खुर्च्यांची तयारी इतकी केली होती, पण अडचण वेगळीच निघाली. ऑफिसची फरशी गुळगुळीत. तिचे पाय फाकले, नखं घसरली आणि ती मधोमध बसकण मारून हलेना. शेवटी एकीच्या ड्रॉवरमधली योगा मॅट आली, मग दुसऱ्याची, आणि दोन मॅट आलटून पालटून पुढे टाकत आम्ही तिला खोलीपर्यंत नेलं. दुपारी मी जाऊन रबरी पायपुसण्यांची लांब पट्टी आणली, १,१०० रुपये. तुमच्याकडे व्हिट्रिफाइड फरशी असेल तर आदल्या दिवशीच अंथरून ठेवा.

पँट्रीत प्रवेश नाही, हे पहिल्या दिवसापासून पक्कं. कुणी तिला काही खायला द्यायचं नाही, हेही. दुसरा नियम पाळून घेणं जास्त अवघड. माणसं ऐकत नाहीत, कुत्री ऐकते. साबण आणि वाहतं पाणी जवळ असलेलीच खोली निवडली, कारण ओरखडा जरी निघाला तरी पंधरा मिनिटं साबणाने धुऊन मग डॉक्टर, लस झालेला कुत्रा असला तरी. तो कागद भिंतीवर लावलाय. फायर ड्रिलच्या यादीत तिला कोण खाली आणणार तेही लिहिलंय.

७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा आणखी एक आदेश आला, शाळा, रुग्णालयं, बस स्थानकं, रेल्वे स्टेशनं अशा आवारांतून भटकी कुत्री हटवायचा. पुन्हा मेल आली, "आपल्याला लागू होतं का?" या वेळी मी काही बोलायच्या आत ॲडमिननेच उत्तर दिलं की आपलं प्रकरण वेगळं आहे, लेखी परवानगी जोडली आहे. फाइलवर पुरेसे कागद जमले की फाइल आपली बाजू आपणच मांडते.

दोन महिन्यांत झालं ते असं. क्लायंटच्या कॉलमध्ये एकदा भुंकली. क्लायंटने नाव विचारलं आणि आमच्या टीम लीडचा जीव भांड्यात पडला. पाऊस नसतानाही खोलीला कुत्र्याचा वास येतो अशी एक तक्रार आली, ती खरी होती. आता तिची चादर दर मंगळवारी धुते. वरच्या मजल्यावरून मेसेज आला नाही. आणखी एका सहकाऱ्याने आपला लॅब्रॅडॉर आणायला मागितला. ट्रेनरच्या चाचणीत तो लोकांच्या अंगावर उड्या मारत राहिला, त्याला तीन महिन्यांनी पुन्हा या म्हणून सांगितलंय. सहकारी अजून माझ्याशी थोडा फुगून आहे.

जानेवारीत पॉलिसी कायम झाली. आठवड्यातून एक दिवस, एका वेळी एकच कुत्रा, दर सहा महिन्यांनी फेरविचार. माझी मूळ अडचण पाचांतल्या एका दिवसापुरती सुटली. दोन दिवस ती डेकेअरला जाते, दोन दिवस खालच्या आजी तिला आपल्याकडे बसवतात. मोबदला म्हणून त्यांनी फक्त पेपर आणून द्यायला सांगितलाय. सगळा हिशेब केला तर कागद, ट्रेनर, विमा, व्हॅक्यूम, पट्टी मिळून साधारण दहा हजार गेले, चिकन सोडून.

काका बुधवारी सव्वानऊलाच येतात आणि पुढच्या दाराने येतात. बुंदीला त्यांनी अजून हात लावलेला नाही, कुणी तसा आग्रहही करत नाही. मागच्या मंगळवारी चारला पाच मिनिटं कमी असताना त्यांचा फोन आला, "मेल नाही आली अजून. उद्या येणार आहे की नाही ती?"